लष्कराच्या लिलावातला एमईपी-803ए जनरेटर: पांढरा धूर, मिसिंग आणि व्होल्टेज शून्य

केटीकर

नमस्कार मंडळी. मुक्काम केटी, टेक्सस. फेब्रुवारी 2021 ची ती थंडी आणि जुलै 2024 चं बेरिल वादळ, दोन्ही वेळा आमच्याकडे वीज गेली. आता आई इथेच असते आणि तिला रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. म्हणून 1 जूनला वादळांचा मोसम लागायच्या आत अमेरिकन सैन्याने काढून टाकलेला एक एमईपी-803ए डिझेल जनरेटर लिलावातून घेतला. 10 किलोवॅट, चार सिलिंडर. मीटरवर तास फार नाहीत, पण बरीच वर्षं उभा असावा. टाकी उघडल्यावर वार्निशसारखा वास आला.

टाकी धुतली, फिल्टर, ऑइल, कूलंट बदललं, 12 व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या. सेल्फ मारला की इंजिन उठतं, पण मिसिंग करतं (एखादा सिलिंडर पेटत नसल्यासारखं), अंग झाडल्यासारखं हलतं आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडतं. इंजिनाने पकडलं की मी लगेच स्विच सोडतो. व्होल्टमीटर मात्र शून्यावरच. एका दुकानात विचारलं तर म्हणाले व्होल्टेज रेग्युलेटर गेलाय, बदला. घेऊ का?

वायरमन_सॅन_होजे

रेग्युलेटर आत्ताच घेऊ नका. झाकणामागे व्होल्टेज बदलायची पाटी असते, ती कुठल्या जोडणीवर आहे ते आधी पाहा. सैन्यात हे सेट पुष्कळदा 120/208 थ्री फेजवर ठेवलेले असतात. घराला 120/240 सिंगल फेज लागेल. शून्य व्होल्टेजचं कारण हे नाही, पण पुढे 240 ऐवजी 208 दिसले तर कोड्यात पडू नका.

डिझेलवाला_ओहायो

दादा, तुमच्या सेटला दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही उभं राहिल्याने आलेली दिसतात. पैसे खिशातच ठेवा.

वडिलांचं मिरजेत ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे हात काळे करत वाढलो. इथे आल्यावर हे लष्करी सेट हाताखाली आले तेव्हा झाकण उघडताच ओळखीचं दिसलं. 803ए मधलं इंजिन म्हणजे लिस्टर-पेटरचं एलपीडब्ल्यू4. याला एक मोठा इन्जेक्शन पंप नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा छोटा पंप, आपल्याकडच्या ऑइल इंजिनाला असतो तसाच, फक्त चार. डिझेल आत सुकलं की त्यातला एखादा प्लंजर, म्हणजे पंपातला दट्ट्या, वर जाऊन तिथेच अडकतो. स्प्रिंग त्याला खाली ओढू शकत नाही आणि तो सिलिंडर उपाशी राहतो. मशीन बाकी तिघांवर कण्हत चालतं.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही केल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारू नका. चारही पंपांचे लिव्हर एकाच दांड्याने गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाला, जोडलेले असतात. इंजिन बंद असताना तो दांडा हाताने सरकवून पाहा. लोण्यासारखा सरकला पाहिजे. कुठल्याही पंपाचा लिव्हर घट्ट असला तर गव्हर्नर डिझेल कमी करू शकत नाही. मग इंजिन पळतं, म्हणजे स्विच बंद करूनही वेग वाढतच जातो. शेजारी हवेचं तोंड झाकायला जाड फळी ठेवा. पळालेलं इंजिन हवा तोडूनच थांबतं. तळहात लावू नका.

दांडा मोकळा असला तर मेलेला सिलिंडर शोधायचा. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट पान्याने अर्धा आटा ढिला करा, नटाभोवती चिंधी गुंडाळा आणि चेहरा लांब ठेवा. या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी बोट जाऊ शकतं. नट ढिला केल्यावर इंजिनाचा आवाज बदलला, अजून पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. चिंधी भिजते का तेही बघा. कोरडी राहिली तर दोष पंपाकडे, भिजली तर नोझल किंवा कॉम्प्रेशनकडे. पाने नको असतील तर लांबून तापमान मोजणारी बंदूक एक्झॉस्टच्या चारही तोंडांवर धरा. थंड तोंड लगेच कळतं. पांढरा धूर म्हणजे बहुतेक न जळलेलं डिझेलच, त्यामुळे सुरुवात याच चार पंपांपासून.

पंप काढावा लागला तर त्याच्याखालचे पातळ शिम (धातूच्या चकत्या) जपा. त्यांच्या जाडीवर टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कधी सुटतं ते, असतं. ज्या सिलिंडरचे शिम त्याच सिलिंडरला परत. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल ही जोडी एकमेकांत घासून बसवलेली असते, दोन-तीन मायक्रॉनची फट, म्हणून चार पंपांचे भाग एकत्र ताटात ओतू नका. अडकलेला पंप डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल यांच्यात रात्रभर बुडवा, मग लाकडी फळीवर खालचा टॅपेट (प्लंजरला वर ढकलणारा भाग) हाताच्या दाबाने हलवा. हातोडी नाही. सुटला की स्वच्छ डिझेलमध्ये वर-खाली करत राहा, शेवटी हाताला खरखर लागता कामा नये. परत बसवताना पंपाचा लिव्हर दांड्याच्या खाचेत बसलाय हे डोळ्याने पाहा, अंदाजाने नाही. खाचेबाहेर राहिला तर पुन्हा तेच, इंजिन पळणार.

आता व्होल्टेज. तुम्ही स्विच फार लवकर सोडताय. या सेटमध्ये मास्टर स्विच स्टार्टवर असतानाच बॅटरीचा करंट एक्सायटरच्या फील्डला, म्हणजे वीज तयार व्हायला लागणारं चुंबकत्व देणाऱ्या गुंडाळीला, जातो. इंजिनाने पकडलं तरी धरून ठेवा. ऑइल प्रेशर 25 पीएसआयपर्यंत, व्होल्टमीटर जागेवर आणि वेग स्थिर झाला की मगच प्राइम अँड रनवर सोडा. स्टार्टरची काळजी नको, वेग वाढला की तो आपोआप सुटतो. सैन्याच्या टीएम 9-6115-642 मॅन्युअलमध्ये हेच लिहिलंय. ते नेटवर मोफत मिळतं, छापून सेटमध्येच ठेवा.

निवृत्त_ईएमई_सातारा

वरच्या भावाने सगळं बरोबर सांगितलं. फिल्टर बदलल्यावर एअर काढली होती का? स्विच प्राइमवर ठेवला की इलेक्ट्रिक पंप टिकटिकतो. त्या वेळी फिल्टरपासून इंजेक्टरकडे एकेक जोड ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या. उभ्या सेटला थेट स्टार्ट करण्याऐवजी आधी डेड क्रँकच्या स्विचवर डिझेलशिवाय फिरवून ऑइल वर चढवायचं असतं. आम्ही लेहला बर्फातही आधी हेच करायचो. आणि 24 व्होल्टच्या सेटला कारची 12 व्होल्टची जंप केबल कुणी लावू देऊ नका.

केटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दांडा मोकळा होता. फ्लायव्हीलकडून दुसऱ्या सिलिंडरचा नट ढिला केला तर आवाज बदललाच नाही, चिंधी कोरडी. पंप काढून लाल तेलात ठेवला, दुसऱ्या दिवशी टॅपेट हलू लागला. काल चार सिलिंडर एकसुरात लागले, धूर गेला. आणि स्टार्टवर धरून ठेवल्यावर व्होल्टमीटरचा काटा डोळ्यांदेखत चढला. पाटी थ्री फेजवरच होती, ती आता 120/240 वर. वादळात आईचं मशीन, फ्रिज आणि चार दिवे एवढंच चालवायचंय. बरं ना?

डिझेलवाला_ओहायो

ऐकून फार बरं वाटलं. पण एवढंच लोड पुरणार नाही. ऑक्सिजनचं मशीन साधारण 350 वॉट खातं. फ्रिज धरला तरी हा सेट नुसता गुणगुणत राहील, सिलिंडर गार राहील आणि न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचून काळं तेल ठिबकू लागेल. म्हणून रोज काही तास पाणी तापवायचा हीटर आणि एसी याच्यावर टाका. आत्ता चाचणीलाही 4500 वॉटचे दोन हीटर एलिमेंट पाण्याच्या पिंपात बुडवून 240 वर जोडा, 9 किलोवॅट होतात. त्यावर दोन-तीन तास सलग चालवा. पूर्ण लोडला तासाला साधारण एक गॅलन डिझेल जातं आणि टाकी 9 गॅलनची आहे, म्हणून बाहेरच्या पिंपातून ओढायची ऑक्सिलरी लाइनही याच वेळी तपासून घ्या.

सेट आईच्या खिडकीपासून 20 फूट तरी लांब, धुराचं तोंड घराकडे नको, आणि झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

वायरमन_सॅन_होजे

आणि घराला ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉकनेच जोडा, म्हणजे बाहेरची लाइन आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जात नाहीत. कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटमधून वीज उलटी घरात सोडली तर खांबावर काम करणारा लाइनमन मरेल. सेटमधल्या एल0 (न्यूट्रल) आणि ग्राउंडमधली पट्टी ठेवायची की काढायची हे तुमचा ट्रान्सफर स्विच न्यूट्रल तोडतो की नाही त्यावर ठरतं. स्विचचा नंबर इथे टाका, बघून सांगतो.