वडिलांच्या खोलीसाठी हीटर कोणता घ्यावा? बजेट ३०००

शिरपूरकर
नमस्कार मंडळी. घर गावाबाहेरच्या कॉलनीत, खोली वरच्या मजल्यावर, १० बाय १२ ची, उत्तरेला मोठी स्लायडिंग खिडकी. रात्री सातपुड्याकडून वारं सुटलं की फरशीवर पाय टेकवत नाही. वडील ७६ चे, दमा आहे, आणि खाली झोपायला या म्हटलं तर ऐकत नाहीत. बजेट ३०००.

जळगावचा_बाप्पू
डोळे झाकून ऑइलवाला घ्या. आम्ही ११ हजाराला घेतला, आवाज नाही, मेहुणे पुण्याहून आले तेपण बघत राहिले.

शिरपूरकर
दादा, ३००० लिहिलंय.

जळगावचा_बाप्पू
बापासाठी काय पैसे बघायचे भाऊ.

धुळेकर_नंबर१
शिरपूरला कसली थंडी? आमच्या धुळ्याला कृषी कॉलेजच्या नोंदीत पारा पाच-सहावर येतो. हीटर म्हणजे शहरी चोचले. आम्ही घमेल्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा विस्तव करून खोलीत ठेवतो, दार लावलं की सकाळपर्यंत ऊब.

सिस्टर_नंदुरबार
धुळेकर भाऊ, दार लावून विस्तव अजिबात ठेवू नका!! कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. आणि दम्याच्या माणसाच्या खोलीत धूर कशाला? शिरपूरकर, ब्लोअर घेतलात तर तोंडावर लावू नका, झोपायच्या आधी अर्धा तास खोली गरम करा आणि बंद करा. दम्याचा पंप उशाशी ठेवा, अंघोळ ऊन वर आल्यावर.

धुळेकर_नंबर१
आमचे आजोबा ९० वर्षं जगले विस्तवावर.

धाब्याचं_घर
ते धाब्याच्या घरात जगले असतील. जाड मातीच्या भिंती, छपरावर खारी माती, हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा. ती पाडून सगळ्यांनी स्लॅब टाकले आणि आता हीटर शोधताय.

केळीवाला_रावेर
काय थंडी पडी ऱ्हायनी भो! तुमचं माणसाचं बरं, पांघरूण घेता येतं. इथं पारा दहाच्या खाली गेला की बागेची वाढच थांबते, पानं पिवळी पडतात. रात्री विहिरीचं पाणी सोडतोय, बांधावर धूर करतोय, घडांना स्कर्टिंग बॅगा घातल्या. लाइट रात्रीची असली तर बरं, नाहीतर तेपण नाही.

वायरमन_चोपडा
हीटर कोणताही घ्या, पहिले सॉकेट बघा. २००० वॅटला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, मोबाइल चार्जिंगच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर लावला की प्लग वितळतो, मी असे काळे झालेले बोर्ड बदलत असतो. एक तास चालला की २ युनिट गेले. आणि त्या स्लायडिंगच्या कडेची ब्रशसारखी पट्टी झिजली असेल, हात लावून बघा वारं लागतं का. हार्डवेअरवाल्याकडे मीटरवर मिळते, स्वस्तात काम होईल.

जळगावचा_बाप्पू
ऑइलवालाच घ्या.

लेवा_सुगरण
सगळे वरच्या पांघरुणाचं बोलताय, थंडी खालून लागते हो. गादीतला कापूस दबून पापड झालाय का बघा, पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या, वर जाड गोधडी अंथरा. तिबेटी लोकांच्या स्टॉलवर कानटोपी मिळते. आणि रात्री बाजरीची गरम भाकरी नि भरीत, पण दमा आहे तर तिखट बेतानं.

सिस्टर_नंदुरबार
गादीचं ताई बरोबर बोलल्या. पिंजायला मात्र बाहेर द्या, त्या धुळीनंच दमा उठतो.

शिरपूरकर
सगळ्यांना धन्यवाद. वायरमन दादा, खोलीत ६ चाच पॉइंट निघाला, वेगळी वायर मेन बोर्डापासून ओढायची तर तोच खर्च बजेटभर होतो. म्हणून ८०० वॅटचा दोन नळ्यांचा साधा हीटर घेतला. एक नळी ४०० ची, संध्याकाळी पायाशी लावतो आणि झोपताना काढतो. ब्रशची पट्टी बदलली, फरक त्यानंच जास्त पडला. गादी पिंजायची नाही म्हणतात वडील, त्यांना तीच लागते.

जळगावचा_बाप्पू
८०० वॅटात फक्त उजेड पडेल भाऊ.

धुळेकर_नंबर१
पट्टी किती रुपये मीटर मिळाली? आमच्या बी खिडकीतून वारं येतं.

केळीवाला_रावेर
स्कर्टिंग बॅगा कुणाकडे शिल्लक असतील तर सांगा.