नदीकाठच्या रानात वाळू-गोट्याची खाण, पुराचं पाणी आत शिरलं तर?

गोदाकाठ_गेवराई:
नमस्कार मंडळी, गोदावरीच्या काठाला आमचं रान आहे, ऊस उभाय. शेजारच्यानं त्याचं रान ठेकेदाराला दिलंय, वरची काळी माती बाजूला काढून खालची वाळू अन गोटा काढायलेत. एकरभर खड्डा 20 फूट खोल गेलाय, नदी अन खड्ड्याच्या मधी आता जेमतेम बैलगाडी जाईल एवढाच काठ उरलाय. ठेकेदार म्हणतो मातीचा बांध घालतो, चिंता करू नका. पण 2025 च्या सप्टेंबरात जायकवाडीतून 3 लाख क्युसेकच्या आसपास सोडलं तेव्हा आमच्या उसात छातीएवढं पाणी होतं. बांध टिकंल का? अन माझं रान खड्ड्याच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे नदी येते त्या बाजूला, लोक म्हणायलेत धोका खालच्यांना, तुला काय होत नाही. खरंय का?

सिव्हिलवाला_परभणी:
दादा, लोक चुकीचं सांगायलेत, वरच्यालाच आधी फटका बसतो. नदी काठ फोडून खड्ड्यात शिरली की वरच्या कडेवरून पाणी खाली खड्ड्यात आदळतं, ती कड ढासळते, परत आदळतं परत ढासळते, असं करत करत ती कड वर वर सरकत तुमच्या बांधापर्यंत येते अन नदीचा तळही त्याच्यासंगं खाली जातो, वर पूल असला तर त्याचे पाये उघडे पडतात. खालच्यांचं नुकसान वेगळं, वाळू सगळी खड्ड्यात बसते, पुढं मोकळं पाणी जातं अन ते काठ खातं. खड्डा नदीच्या वळणाच्या आतल्या अंगाला असंल तर अजून वाईट, पुरात नदी वळण सोडून सरळ खड्ड्यातूनच वाट काढते, अन पूर उतरल्यावर ती जुन्या पात्रात परत जाईलच असं नाही.
मातीचा बांध वरून पाणी गेलं की टिकत नाही.

शंका_आहे:
पण खड्डा म्हणजे साठवणच झाली ना, तेवढा पूर कमी होईल की.

सिव्हिलवाला_परभणी:
हिशोब करा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एकरभर 20 फूट खड्ड्यात पावणेनऊ लाख घनफूट पाणी मावतं, 3 लाख क्युसेकला ते तीन सेकंदाचं पाणी झालं. अन सप्टेंबरपर्यंत झिरप्यानं तो तसाही बराचसा भरलेला असतो.

सिंदफणा_माजलगाव:
भाऊ बांधावर भांडत बसू नका. खनन आराखडा अन पर्यावरण मंजुरी माहिती अधिकारात मागा, नसंल तर तिथंच विषय संपला. जलसंपदाच्या नकाशावर निळी पूररेषा कुठून जाते तेबी बघा, ती साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल 100 वर्षांची. नदीच्या वाळूला केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांमधी 3 मीटर नाहीतर पाण्याची पातळी, जे आधी लागंल तिथं थांबायचं असं आहे. 20 फूट म्हणजे 6 मीटर झाले! खड्ड्यातलं पाणी मोटारीनं उपसत असतील तर आजूबाजूच्या विहिरीबी खाली जातात, तुमच्या विहिरीची पातळी आत्तापासून लिहून ठेवा, फोटो तारखेसकट काढा. अर्ज तहसीलला अन कलेक्टर ऑफिसला दोन्हीकडं द्या, पोच घ्या.

गोदाकाठ_गेवराई:
लई उपकार झाले. वळण आमच्याकडंच आहे अन खड्डा आतल्या अंगालाच आहे, आता जास्त काळजी वाटायली. उपसलेल्या काळ्या मातीचा ढिगारा नदीला आडवा लावलाय, त्याचं काय? अन खड्डा बुजवणं जमलं नाही तर दुसरं काही करता येतं का?

सिव्हिलवाला_परभणी:
ढिगारा पावसाळ्याआधी उचलायलाच लावा, आडवा ढीग म्हणजे पुराला धरणच, पाणी फुगून तुमच्या उसात येणार. लगेच उचलणं होत नसंल तर निदान नदीच्या धारेला समांतर अन मधी मोकळ्या फटी ठेवून लावायला सांगा. खड्ड्याच्या कडा उभ्या ठेवायच्या नाहीत, तीनास एक असा उतार द्यायचा, म्हणजे तीन फूट आडवं गेल्यावर एक फूट खाली. अन पाण्याला आत यायला वाट खालच्या अंगाला, दगडाचं पिचिंग करून (म्हणजे दगड रचून), काठापेक्षा खोलगट ठेवायची, म्हणजे पूर चढताना पाणी मागून हळूहळू भरतं अन वरून लोंढा यायच्या आत खड्डा भरलेला असतो, कड ढासळत नाही. पण काठ एवढा बारीक उरलाय म्हणून आधी त्या बाजूचं खोदकाम बंद करून काठ रुंद करायला लावा, ते झाल्याशिवाय बाकीच्याचा उपयोग नाही. अर्जात हे असंच लिहा, ढिगाऱ्याचा फोटो जोडा.