मदत हवी आहे: अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, सिलॅबल ११ की १२?

मंडळी, लेक सातवीत आहे, इंग्लिशच्या वर्कशीटवर हा शब्द आला, स्पेलिंग २८ लेटरचं, आणि दोन कामं, सिलॅबल (म्हणजे उच्चाराचे तुकडे) पाडा आणि शब्द कशाकशाचा बनलाय ते लिहा. तिने टाळ्या वाजवत १२ मोजले, बाईंनी लाल पेनाने ११ केलेत आणि ती रडवेली होऊन बसलीये, कारण डिक्शनरीतही टिंबं टाकून ११च तुकडे दिलेत, शेवटचा इझम अख्खा एक. पण मी स्वतः हनुवटीखाली हात धरून म्हणून बघितलं, अँ-टी-डिस-एस-टॅब-लिश-मेन-टे-रि-अ-नि-झम, बाराच होतात हो!

दुसरं म्हणजे अर्थाने तोडला तर अँटी, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरियन, इझम असे सहा तुकडे. अर्थ मी वाचून काढला, १९व्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडचा सरकारशी असलेला अधिकृत संबंध तोडा अशी मागणी होती, तिला विरोध करणाऱ्यांची ही भूमिका (चर्च ऑफ आयर्लंडचा तसा संबंध १८६९च्या कायद्याने तोडला, इंग्लंडमधला अजून आहे). अडलंय ते मेंटपाशी. अर्थाने तोडताना मेंट अखंड, मग बोलताना त्याचा ट पुढच्या टे मध्ये कसा जातो? मी मराठी मीडियमची, आम्ही अक्षरं शिकलो, सिलॅबल नाही, आम्ही स्टॅ एकत्रच लिहिणार, इथे स एकीकडे आणि ट दुसरीकडे. उद्या बाईंना भेटायचंय, भांडायला नाही, पण पोरीला नीट कारण तरी सांगता आलं पाहिजे.

प्रतिसाद:
ताई, लेकीचे बारा बरोबर आहेत. डिक्शनरीतली ती टिंबं ओळ संपताना शब्द तोडून हायफन कुठे द्यायचा त्यासाठी असतात, सिलॅबलशी बरीचशी जुळतात पण नेहमीच नाही. शेजारी उच्चार दिलेला असतो तो बघा. इझममध्ये एस आणि एमच्या मध्ये स्वर लिहीत नाहीत पण बोलताना म वेगळा सिलॅबल होतो. प्रिझम म्हणून बघा, दोन होतात.

ट चं म्हणाल तर आपलं घरात घ्या. घर अधिक आत, पण तोंडातून येतं घ-रात, र पुढच्या आ ला जाऊन चिकटतो. एरियन स्वराने सुरू होतो म्हणून मेंटचा ट तिकडे सरकला, इतकंच. वहीत दोन वेगळ्या ओळी करा, एकीत उच्चाराचे तुकडे, दुसरीत अर्थाचे. अर्थाच्या ओळीत क्रमही दाखवा, आधी एस्टॅब्लिश, त्याला डिस, ते झालं क्रियापद, मग मेंट लागून नाम.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! घरात म्हणायला लावलं, तर आता पेन्सिल घेऊन दारात, कानात असे शब्द शोधत बसलीये. प्रिझमचा उच्चार उद्या बाईंना दाखवते. फक्त अँटी कधी लावायचा, मेंट लागल्यावर लगेच की सगळ्यात शेवटी?