विषय : अण्णांच्या स्मरणार्थ शिवाजी विद्यापीठाच्या आवारात झाड आणि बाक

प्रेषक : मंडळाच्या सचिव

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

अण्णांना जाऊन येत्या आषाढात वर्ष होईल. संक्रांतीच्या सभेत ठरल्याप्रमाणे, ज्या विद्यापीठात ते शिकले तिथे मंडळाच्या वतीने एक झाड लावावे आणि एक बाक बसवावा, असा विचार आहे. आपण राहतो त्या देशांतल्या विद्यापीठांत अशा कामासाठी छापील अर्ज असतो, रक्कम ठरलेली असते आणि बाकावरची पट्टी किती वर्षे राहील तेही आधीच लिहून दिलेले असते. कोल्हापुरात कोणते झाड जगेल, बाक कसा असावा आणि पाटीवर काय लिहावे, याबद्दल सध्या तिथेच असलेल्या काकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रेषक : एक जुने सभासद, सध्या मुक्काम कोल्हापूर

सचिवताई आणि मंडळी, सप्रेम नमस्कार.

पत्र वाचले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरायला म्हणून आवारात जाऊन आलो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि सागरमाळावरची सुमारे ८५३ एकर जमीन त्याच्या वाट्याला आली. माळ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. वर वीतभर माती आणि खाली मुरूम, त्याच्याही खाली काळा पाषाण. अण्णा इथे एम.एस्सी. करत होते तेव्हा मुख्य इमारतीपासून वसतिगृहापर्यंत उन्हातूनच चालावे लागे, हे त्यांच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकले आहे. आज तिथे जी सावली दिसते, ती कोणीतरी खड्डे खणून आणि पाणी घालून उभी केलेली आहे. म्हणून आपण पहिला विचार पाटीचा न करता पाण्याचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला कारण आहे. निवृत्तीनंतर दुसऱ्या एका गावातल्या महाविद्यालयात आम्ही काही मित्रांनी आमच्या शिक्षकांच्या नावे झाड लावले होते. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली आणि काळ्या ग्रॅनाइटची पाटी सोनेरी अक्षरांत झळकली. पुढच्या एप्रिलमध्ये मी पाहायला गेलो, तर पाटी चकचकीत होती आणि तिच्यामागे लोखंडी जाळीत एक वाळकी काठी उभी होती. शिक्षकांच्या नावाखाली ती काठी पाहणे किती लाजिरवाणे वाटले, ते लिहून सांगता येणार नाही.

कोल्हापुरात पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत संपतो. माळावरचे रोप मरते ते फाल्गुनापासून वळवाच्या सरी येईपर्यंतच्या काळात. म्हणून मे महिन्यातच तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा घेऊन त्याला चांगले ऊन लागू द्यावे, निघालेला मुरूम बाजूला टाकावा, पोयट्याची माती आणि कुजलेले शेणखत भरावे आणि मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर पुरुषभर उंचीचे रोप लावावे. त्यानंतर निदान तीन उन्हाळे पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन आणि वाळल्या गवताला आग लागली तर ती रोपापर्यंत येऊ नये म्हणून भोवतीची जागा साफ ठेवणे, एवढे ज्याच्यावर सोपवता येईल असा माणूस हवा. देणगीतला मोठा भाग या तीन उन्हाळ्यांसाठी राखून ठेवावा आणि तसे कुलसचिवांना द्यायच्या अर्जातच लिहावे.

आता झाड कोणते ते पाहू. वड आणि पिंपळ इथे उत्तम जगतात, पण त्यांची मुळे बाक उचलून टाकतील. बहावा फुलतो तेव्हा डोळ्यांचे पारणे फेडतो, मात्र सावली हवी त्या चैत्र-वैशाखात त्याच्या अंगावर पानेच नसतात. ताम्हण हे आपले राज्यपुष्प असले तरी त्याला ओलावा लागतो, आणि सीता अशोकाचेही तेच आहे. (त्याच्या नावावर सगळीकडे जे उंच, निमुळते झाड विकतात तो अशोक नव्हे, आणि त्याच्या सावलीत मांजरही बसू शकत नाही.) मला स्वतःला बकुळ योग्य वाटते. ती सावकाश वाढते, पण बारा महिने हिरवी राहते आणि तिची सावली दाट असते.

बाक लोखंडी नको, कारण एप्रिलमध्ये त्यावर टेकवणार नाही. लाकडीही नको, कारण पावसाने आणि वाळवीने तो फार टिकणार नाही. आपल्याकडचा काळा दगड घडवून घ्यावा, बैठकीला पाणी निथळण्यापुरता उतार ठेवावा आणि नाव दगडातच कोरावे, कारण पितळेची पट्टी भंगारात जाते. बाक झाडाच्या पूर्वेला ठेवला, तर दुपारनंतरची सावली त्याच्यावर येईल. झाडाला मात्र पाटी नको आणि खिळा तर नकोच.

प्रेषक : मंडळाचे खजिनदार

काकांना सादर नमस्कार.

आपले म्हणणे पटले, तरी दोन गोष्टी मांडतो. पहिली म्हणजे, रक्कम देणाऱ्या काही सभासदांची आपली नावे पाटीवर यावीत अशी अपेक्षा आहे. त्यासाठी एकाऐवजी अकरा झाडे लावून प्रत्येकाला एकेक पाटी देता येईल. दुसरी गोष्ट नियमांची आहे. विदेशी योगदान (नियमन) अधिनियम, २०१० नुसार, ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी योगदान ठरत नाहीत. पण ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले आहे, मग त्यांच्याकडे ओसीआय (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, त्यांचे पैसे त्या व्याख्येत येतात, आणि आपले मंडळ इथे नोंदलेले असल्यामुळे मंडळाच्या खात्यातून गेलेली रक्कमही येते. तेव्हा असे पैसे विद्यापीठाला घेता येतात का, याचे त्यांच्या वित्त विभागाकडून लेखी उत्तर येईपर्यंत कोणीही काहीही पाठवू नये.

प्रेषक : एक जुने सभासद, सध्या मुक्काम कोल्हापूर

खजिनदारसाहेब, पैशांबाबत आपण सांगाल तसेच होईल. अर्जासोबत तोही प्रश्न लेखी विचारतो.

अकरा झाडांना मात्र माझा विरोध आहे. एका झाडाला तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस मिळवताना माझी दमछाक होणार आहे, तिथे अकरांचे काय करू? देणगीदारांची नावे मंडळाच्या इतिवृत्तात आणि स्मरणिकेत सन्मानाने छापावीत. पंख्याच्या पात्यांवर, देवळाच्या पायऱ्यांवर आणि पाणपोईच्या टाकीवर नावे घालण्याची आपली सवय जुनी आहे, आणि मीही त्यातून सुटलेलो नाही. पण बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीला बारा नावे टोचावीत हे बरे दिसत नाही. आपल्या गावच्या पारावर तरी कुठे कोणाचे नाव असते? वास्तविक झाड आणि बैठक एकत्र करण्याची आपली रीत पाराचीच आहे आणि मी आधी तोच सुचवणार होतो. पण नव्या रोपाभोवती पक्के बांधकाम केले तर मुळांना वाव राहत नाही, म्हणून बाक पाच-सहा हात दूर घेतला.

प्रेषक : अण्णांची कन्या

काका, सर्वांना नमस्कार.

आपण सर्वजण एवढ्या आस्थेने लिहीत आहात, म्हणून संकोच सोडून तीन गोष्टी कळवते.

बकुळ नको. आई वेणीत बकुळीचा गजरा माळायची तेव्हा अण्णा खिडकी उघडून बसायचे. त्या वासाने त्यांचे डोके दुखायचे. विद्यापीठातल्या दिवसांबद्दल बोलताना ते नेहमी एका करंजाचे नाव घेत. त्याच्याखाली बसून ते आणि त्यांचे दोन मित्र भाकरी आणि खर्डा खात असत, आणि त्याच्या पानांवर फोड आले म्हणून एकदा त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन ती पाने चिरून पाहिली होती. करंज त्या माळावर जगेल का, ते आपण पाहावे.

बाकाला पाठ असू द्यावी. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना टेकल्याशिवाय बसता येत नव्हते, आणि रंकाळ्यावर फिरायला गेल्यावर पाठ असलेली जागा रिकामी नसेल तर ते उभेच राहत.

नावाआधी ‘कै.’ आणि मागे पदव्या नकोत. नाव आणि त्याखाली ‘या विद्यापीठाचे विद्यार्थी’ एवढेच कोरावे.

प्रेषक : एक जुने सभासद, सध्या मुक्काम कोल्हापूर

करंज जगेल, आणि बकुळीपेक्षा लवकर सावली धरेल. फार साधे झाड म्हणून मीच त्याचे नाव घेतले नव्हते. चैत्रात त्याची पालवी इतकी कोवळी हिरवी असते की मला ते सुचायला हवे होते. सोमवारी टेप घेऊन जागा मोजायला जातो; पाठ किती उंच हवी ते मुलीने तेवढ्यात कळवावे.