ईव्ही घ्यायची आहे: डीलरकडून की थेट कंपनीकडून? (अमेरिका)

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये असतो. जुनी पेट्रोलवरची गाडी देऊन टाकून पहिलीच इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. यादी कमी होत होत दोनवर आली आहे: टेस्लाची मॉडेल वाय आणि ह्युंदाईची आयोनिक ५. दोन्ही चालवून पाहिल्या, दोन्ही आवडल्या. त्यामुळे गाड्यांची तुलना नकोय, ती भरपूर वाचून झाली आहे.

अडलंय ते घ्यायच्या पद्धतीवर. टेस्ला फोनवरून थेट कंपनीकडे ऑर्डर करायची, ह्युंदाई डीलरकडे बसून घासाघीस करून. नवरा म्हणतो थेट घेऊ, डोक्याला ताप नाही. सासरे म्हणतात, उद्या काही बिघडलं तर कुणाच्या दारात जाऊन उभे राहणार? मला दोघांचंही पटतं. लोन काढणार आहोत आणि गाडी आठ-दहा वर्षं तरी ठेवायची आहे. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

रानवाट

ताई, आमच्या घरी एक थेट घेतलेली आणि एक डीलरकडून घेतलेली, अशा दोन ईव्ही आहेत. माझं मत ठाम आहे: खरेदीचा एक दिवस सुखाचा जावा म्हणून गाडी ठरवू नका. तुमच्या घरापासून सर्व्हिस सेंटर किती लांब, तिथे अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते आणि गाडी अडकून पडली तर वापरायला दुसरी देतात का, हे आधी शोधा. आठ-दहा वर्षं ठेवणार म्हणजे तुमची गाठ विकणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याशीच पडणार.

डीलरच्या विक्री विभागाला नको, सर्व्हिस विभागाला फोन करा. हाय व्होल्टेज बॅटरीचं काम करणारे प्रशिक्षित मेकॅनिक किती आहेत ते विचारा. उत्तर "एक" असेल तर तो रजेवर गेला की तुमची गाडी तिथेच उभी. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेही उत्तरच समजा. एकाच कंपनीच्या दोन डीलरांत या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. गाडी एका डीलरकडून घेऊन वॉरंटीचं काम दुसऱ्याकडे करून घेता येतं, हेही लक्षात ठेवा.

थेट विकणाऱ्या कंपनीच्या बाबतीत मोबाईल सर्व्हिस तुमच्या झिप कोडला येते का ते बघा. १२ व्होल्टची बॅटरी, दाराचं हँडल, कॅमेरा असली कामं ती माणसं तुमच्या ड्राइव्हवेत येऊन करतात. ते खरंच सुखाचं आहे. पण बॉडीचं काम निघालं की मान्यताप्राप्त गॅरेज आणि सुट्या भागांची वाट बघणं आलं.

सांजवारा

मी थेट खरेदीच्या बाजूने. वेबसाइटवर जी किंमत शेजाऱ्याला तीच मला. मराठी माणूस असो वा कुणी, उच्चार वेगळा ऐकू आला की आकडा बदलतो असं वाटून धास्तावलेली किती तरी कुटुंबं मी पाहिली आहेत. ऑर्डर, लोन, सह्या सगळं घरी बसून, हवा तितका वेळ घेऊन. आमच्या आईनेही शेजारी बसून प्रत्येक कागद वाचला.

शिवाय डीलरना ईव्ही विकण्यात रस किती असतो? सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत दोन तृतीयांश डीलरांकडे विकायला एकही ईव्ही नव्हती. ऑइल बदलणं नाही, स्पार्क प्लग नाहीत, म्हणजे सर्व्हिसची नेहमीची कमाईही कमी.

रानवाट

किंमत सगळ्यांना एकच असते हे मान्य, पण ती स्थिर नसते. जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या किमती एका झटक्यात २० टक्क्यांपर्यंत उतरवल्या. जरा आधी पूर्ण किमतीत घेतलेल्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या गाडीची रीसेल किंमतही त्याच दिवशी खाली आली. उलट डीलरकडे महिनाअखेरीला, मॉडेल वर्ष बदलताना चांगली सूट निघू शकते. थोडं भांडायची तयारी हवी.

गिरमिट

डीलरकडे जाणार असाल तर हे वाचाच. बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "महिन्याला किती हप्ता परवडेल?" त्याचं उत्तर देऊ नका. आउट द डोअर किंमत ईमेलवर लेखी मागा. त्यात गाडीची किंमत, टॅक्स, रजिस्ट्रेशन, डॉक फी (डीलरचा कागदपत्रांचा आकार) सगळं आलं पाहिजे. मॉडेल, ट्रिम (त्यातली नेमकी आवृत्ती), रंग लिहून तोच मजकूर आसपासच्या सगळ्या डीलरना पाठवा. निम्मे फक्त "या, बसून बोलू" म्हणतील, त्यांना सोडून द्या.

किंमत ठरली म्हणजे काम झालं असं नाही, पुढे फायनान्स ऑफिस आहे. बँकेने डीलरला कळवलेला व्याजदर आणि तो तुम्हाला सांगतो तो दर यांत फरक असू शकतो, आणि तो फरक त्याच्या खिशात जातो. म्हणून क्रेडिट युनियनची (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेची) कर्जमंजुरी आधीच हातात ठेवा, मग डीलरला म्हणा, याहून कमी दर देऊन दाखव. लीज (ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेणं) असेल तर कागदावर व्याजाची टक्केवारी नसते, मनी फॅक्टर असतो, ०.००२५० असा काहीतरी. त्याला २४०० ने गुणा. हे झाले ६ टक्के.

मग पुढ्यात एक छापील कागद सरकवतात: पेंट प्रोटेक्शन, टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) कोरणं. "गाडीवर आधीच केलंय, काढता येणार नाही" हे ठरलेलं वाक्य. मी म्हटलं, राहू दे गाडीवर, बिलातून काढा. मॅनेजर आत जाऊन आला आणि रक्कम निघाली. उठून जायची खरी तयारी असली की हे जमतं.

फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या केंद्रीय संस्थेने असल्या छुप्या आकारांविरुद्ध नियम केला होता, तो पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला. तेव्हा राखण आपली आपणच करायची आहे. आणि तीन दिवसांत गाडी परत करता येते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तसा सरसकट कायदा नाही.

उंबरठा

टेक्सास म्हणालात म्हणून थोडी माहिती. तिथे कार कंपनीला स्वतः डीलर होऊन गाडी विकता येत नाही. त्यामुळे टेस्लाची दुकानं तिथे गॅलरी, म्हणजे नुसती गाड्या दाखवायची जागा, म्हणून चालतात आणि ऑर्डर ऑनलाइनच करावी लागते. ऑस्टिनचा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, तरी तिथे बनलेली गाडीसुद्धा टेक्सासच्या माणसाला अशीच घ्यावी लागते. गॅलरीतल्या माणसाने किमतीच्या प्रश्नाला बगल दिली तर तो उद्धट नाही, त्याचे हात बांधलेले आहेत.

हे कायदे ईव्ही अडवायला केलेले नव्हते, हे लोक विसरतात. मंदीच्या काळात मोठ्या कंपन्या न खपणाऱ्या गाड्या डीलरांच्या गळ्यात मारत आणि नाही म्हटलं तर एजन्सी काढून घ्यायची धमकी देत. डीलरने घरचा पैसा घालून धंदा उभा करायचा आणि कंपनीने शेजारी स्वतःचं दुकान थाटायचं, हे होऊ नये म्हणून राज्याराज्यांत संरक्षण आलं. १९५६ मध्ये डीलरला कंपनीविरुद्ध फेडरल न्यायालयात जायचा हक्कही मिळाला. मला ते संरक्षण योग्य वाटतं. पण ज्या कंपनीला डीलरच नाहीत तिला कशाला अडवायचं? मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच धरलं: कायदा डीलरला त्याच्या स्वतःच्या कंपनीपासून वाचवतो, दुसऱ्याच्या स्पर्धेपासून नाही. न्यू मेक्सिकोत तर टेस्लाने २०२१ मध्ये नांबे पुएब्लोच्या आदिवासी भूमीवर सेंटर उघडून वाट काढली, कारण राज्याचा तो कायदा तिथे लागू होत नाही.

तुमच्यापुरतं इतकंच: टेक्सास सरकारच्या अडीच हजार डॉलरच्या ईव्ही सवलतीसाठी राज्यातला परवानाधारक डीलर लागायचा, म्हणून टेस्ला त्यात बसली नव्हती. ती योजना निधी असेल तेव्हाच उघडते, एकदा टीसीईक्यूच्या (टेक्सासच्या पर्यावरण खात्याच्या) साइटवर बघून घ्या.

अर्धविराम

सासऱ्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. फिस्कर ही ईव्ही कंपनी आठवतेय का? थेट विक्रीने सुरुवात केली, २०२४ च्या जानेवारीत डीलर नेमायला निघाले आणि जूनमध्ये दिवाळं. ओशन गाडीच्या मालकांना सुटे भाग, सॉफ्टवेअर, रिकॉलची (दोषामुळे परत बोलावलेल्या गाड्यांची) कामं यांसाठी स्वतःची संघटना करून धडपडावं लागलं. याउलट शेवरलेच्या बोल्टमध्ये बॅटरीला आगी लागून २०२१ मध्ये सगळ्या गाड्या परत बोलावल्या, तेव्हा बॅटऱ्या बदलायचं काम गावोगावच्या डीलरांनी केलं. टेस्लाची तुलना फिस्करशी होणार नाही, तिचा पसारा मोठा आहे. पण नव्या छोट्या कंपनीचा मोह झालाच तर हे डोळ्यांसमोर ठेवा.

चैत्रपालवी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सर्व्हिस विभागाला फोन करायचं डोक्यातच आलं नसतं. आणखी दोन शंका. ७५०० डॉलरची फेडरल सवलत अजून आहे का? आणि जुनी गाडी त्यांनाच द्यावी की बाहेर विकावी?

गिरमिट

ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. कुणी अजून तिचं नाव घेऊन घाई करत असेल तर तिथून निघा.

जुनी गाडी: टेक्सासमध्ये टॅक्स सव्वासहा टक्के, आणि तो ट्रेड-इन (नव्या गाडीच्या बदल्यात दिलेल्या जुन्या गाडीची किंमत) वजा जाता उरलेल्या रकमेवर लागतो. समजा जुन्या गाडीचे दहा हजार देतायत, तर ६२५ डॉलर टॅक्स वाचला. म्हणजे बाहेरचा माणूस १०,६२५ च्या वर देत असेल तरच बाहेर विका. थेट कंपनी ट्रेड-इनला बऱ्याचदा कमी भाव सांगते आणि तिथे घासाघीस चालत नाही, त्यामुळे हा हिशेब कराच. नव्या ईव्हीच्या रजिस्ट्रेशनला ४०० डॉलर जादा लागतील, पुढे दरवर्षी २००.

रानवाट

कुठूनही घ्या, ताबा दिवसाउजेडी घ्या. आमची एक गाडी संध्याकाळी पार्किंग लॉटच्या पिवळ्या दिव्याखाली हातात दिली. मागच्या दारावरचा रंगाचा ओघळ मोबाईलचा टॉर्च तिरका धरल्यावर दिसला. सही करायच्या आधी दाखवला म्हणून त्यांनी लिहून घेतलं आणि दुरुस्त करून दिला. दारं, डिकी, चार्जिंगचं झाकण उघडून-मिटून बघा, सीटबेल्ट ओढून बघा, सगळे कॅमेरे पडद्यावर लावून बघा. जमलं तर तिथल्या चार्जरला पाच मिनिटं जोडा. थेट कंपनीत ॲपवर "स्वीकारलं" दाबायच्या आधी हे सगळं व्हायला हवं, आणि दोष दिसला तर फोटो ॲपमध्येच टाका, तोंडी सांगून सोडू नका.

सर्व्हिसवाल्यांशी बोलणं झालं की दोन्हीकडची उत्तरं इथे लिहा, मग नक्की काय ते बघू.