मुलगी पहिल्यांदाच साहस शिबिराला चालली आहे (मे महिना, कन्नडचा डोंगर) – तयारी काय करावी?

जालन्याची_आई

नमस्कार. मुलगी १४ वर्षांची, नववीची परीक्षा झाली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कन्नडच्या बाजूला डोंगरात पाच दिवसांचं निवासी शिबिर आहे. रॅपलिंग (दोरीने कड्यावरून उतरणं), रॉक क्लाइंबिंग, बर्मा ब्रिज (दोऱ्यांचा पूल), एक रात्रीचा ट्रेक आणि मुक्काम तंबूत. घर सोडून एकटी राहायची तिची पहिलीच वेळ. तिला जायचंच आहे आणि आमचीही ना नाही. पण आयोजकांच्या यादीत "टोपी, बाटली, बॅटरी, बूट" एवढंच लिहिलंय.

आयोजकांना नेमकं काय विचारायचं? दोरीच्या खेळात धोका कुठे असतो? पाळी नेमकी त्याच आठवड्यात येण्यासारखी आहे. तिला चष्मा आहे. आणि आपल्याकडचं मेचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कातळवाट

ताई, पैसे भरायच्या आधी दोन कागद मागा. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. त्या प्रमाणपत्राचा फोटो मागा. दुसरा कागद प्रशिक्षकांचा. "आमची मुलं अनुभवी आहेत" हे उत्तर घेऊ नका. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथल्या गिर्यारोहण संस्थांमध्ये बेसिक, मग ॲडव्हान्स, मग मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (दुसऱ्यांना शिकवायचं कसं, याचा) असे कोर्स असतात. बेसिकमध्ये माणूस स्वतः चढा-उतरायला शिकतो. पन्नास लेकरांना कड्यावरून खाली सोडायची जबाबदारी त्यावर देता येत नाही. रॅपलिंगच्या जागेचा प्रमुख किमान ॲडव्हान्स झालेला असावा. मुली असतील तर मुक्कामाला महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. फक्त दिवसा येऊन जाणारी चालत नाही.

आता दोरीबद्दल. रॅपलिंगला दोन दोऱ्या लागतात. एकीवरून मुलगी उतरते. दुसरी सेफ्टीची, ती वेगळ्या अँकरला (दोरी बांधायच्या पक्क्या जागेला) असते आणि वरचा माणूस ती हळूहळू सोडत जातो. मुलीच्या हातून पहिली दोरी सुटली तरी दुसरी तिला धरून ठेवते. "दुसरी दोरी असते का?" एवढा एकच प्रश्न विचारा. समोरचा गडबडला तर शिबिर बदला. उतरायची दोरी १० ते ११ मिलिमीटरची स्टॅटिक, म्हणजे कमी ताणली जाणारी असते. चढाईला डायनॅमिक लागते, कारण पडल्यावर झटका ती पोटात घेते. दोन्ही कामांना एकच जुनी दोरी वापरणारे लोक आहेत. अजिंठ्याच्या रांगेतला आपला काळा कातळ धारदार आहे, म्हणून दोरी जिथे कड्यावरून वळते तिथे खाली जाड पॅड किंवा पोतं हवंच.

हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्ट्यांचा साज) मोठ्या माणसांच्या मापाचे असतात आणि बारीक अंगाच्या पोरींना ते ढिले होतात. इथेच चूक होते. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे. आवळल्यावर खाली ओढून पाहायचं, हाडावरून घसरला तर माप चुकलं. लहान माप मागायचं. तेही ढिलं असेल तर छातीचा हार्नेस जोडून घ्यायचा, नाहीतर तोल गेल्यावर डोकं खाली होण्याचा धोका असतो. बकलमधून पट्टा उलटा फिरवून परत घालायचा प्रकार असेल तर तो घातलाय का, हे मुलीने स्वतः बघायचं. कॅराबिनरचा (दोरी अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू बंद आहे का तेही. प्रशिक्षक दमलेला असतो, तिसाव्या मुलीच्या वेळी त्याची नजर चुकू शकते.

केस. लांब वेणी 'फिगर ऑफ एट'मध्ये (ज्यातून दोरी सरकते त्या आठच्या आकाराच्या धातूच्या साधनात) ओढली गेली की मुलगी मधेच लटकते आणि सोडवायला वरून माणूस उतरवावा लागतो. वेणी शर्टाच्या आत खोचायची, डोक्यावर हेल्मेट. ओढणी, गळ्यातलं, लोंबते कानातले शिबिराला नकोतच. चष्म्याला मागून दोरी लावा आणि जुना चष्मा सॅकमध्ये ठेवा.

उतरताना नवशिकी मुलं भीतीने कड्याला चिकटतात आणि सरळ उभी राहतात. तसं केलं की पाय सटकतात आणि गुडघे, हनुवटी कातळावर आपटते. खुर्चीत बसल्यासारखं मागे रेलायचं, पाय खांद्याइतके फाकवून तळवा कातळावर सपाट टेकवायचा. ब्रेकचा, म्हणजे खालची दोरी धरणारा हात कमरेजवळ, तो कधीच सोडायचा नाही. वरचा हात फक्त तोलापुरता. त्याने दोरी आवळली की दोन मिनिटांत हात भरून येतो. कातडी हातमोजे शिबिराने द्यावेत.

बर्मा ब्रिजवर मुलीच्या हार्नेसला दोन हुक असतात. गाठीपाशी एक काढायचा, पुढे लावायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम सुटे कधीच नाहीत.

सिस्टर_बीड

दोरीची भीती सगळ्यांना वाटते. पण शिबिरातून लेकरं आजारी येतात ती उन्हाने. त्याबद्दल आधी.

कातळावरचे खेळ सकाळी दहाच्या आत आणि दुपारी साडेचारनंतर व्हायला हवेत. वेळापत्रक मागून घ्या. "११ ते १ रॅपलिंग" लिहिलेलं असेल तर स्पष्ट नाही म्हणा. तापलेल्या दगडावर हात भाजतात. पाणी दिवसाला किमान तीन-चार लिटर, तहान लागायची वाट न बघता. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतंय, हे तिला समजावून सांगा. पोरी शौचालय लांब आहे किंवा अंधार आहे म्हणून मुद्दाम पाणी पीत नाहीत. मग चक्कर, डोकेदुखी, लघवीची जळजळ. म्हणून शौचालय कुठे, तिथे दिवा आणि पाणी आहे का, हे आधीच विचारून घ्या.

ओआरएसची पाकिटं दहा तरी द्या. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटी २०० मिलीचीही मिळतात, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. कमी पाण्यात घट्ट केलं तर त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). खूप घाम, मळमळ, गळाल्यासारखं वाटणं इथपर्यंत सावली आणि ओआरएसने भागतं. पण अंग भाजल्यासारखं गरम, बोलणं असंबद्ध, तोल जातोय, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि तसंच दवाखान्यात न्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही.

पाळीचं म्हणाल तर रॅपलिंग, चढाई सगळं करता येतं. हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्यांनी पॅड सरकतं आणि कडेला घासून सोलतं, म्हणून घट्ट बसणारी सुती शॉर्ट आत घालायची, वर ट्रॅक पॅन्ट. पॅड नेहमीच्याच कंपनीचे, लागतील त्यापेक्षा सहा-आठ जास्त (दुसऱ्या एखाद्या पोरीला तिथेच पहिल्यांदा येते आणि तिच्याकडे काहीच नसतं). चार ते सहा तासांनी बदलायचं. जुनी वर्तमानपत्रं आणि झिपच्या पिशव्या द्या. डोंगरात पुरायचं नाही, जनावरं उकरतात. पोटदुखीची नेहमीची गोळी जेवणानंतर. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

रात्री तंबूची चेन कायम बंद. मण्यार रात्री फिरतो, चावला तरी फारसं दुखत नाही आणि झोपेत कळतही नाही. सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू तिथेच बसतो. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर तुमच्याच जालना जिल्ह्यातले. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही. तो भाग हलू न देता सरकारी रुग्णालय, १०८ ला फोन. शिबिराच्या जागेवरून सर्वात जवळचं, साप-प्रतिविष असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्री गाडी उभी असते का, हे विचारा.

जालन्याची_आई

खूप आभार, सगळं लिहून घेतलं. बूट कालच नवे आणलेत. मामेभावाची ६० लिटरची सॅक मिळतेय, चालेल का? आणि ऐन वेळी कड्यावर तिला भीती वाटली तर?

पायवाट_नांदेड

नवे बूट आजपासून रोज तासभर घालून चालायला लावा. शिबिरात पहिल्यांदा घातलेला बूट दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आणतो आणि मग राहिलेले दिवस मुलगी तंबूत. मोज्यावर बूट घालून उतारावर चालताना अंगठा पुढे लागला तर अर्धा नंबर मोठा घ्या. नखं आदल्या दिवशी कापा. टाच गरम लागायला लागली की लगेच चिकटपट्टी लावायची, फोड येईपर्यंत थांबायचं नाही. मोजे चार जोड्या.

६० लिटरची नको. जागा दिसली की ती भरते. ४० ते ४५ लिटर पुरे. भरलेल्या सॅकचं वजन मुलीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत, ४५ किलोची असेल तर नऊ किलो, सात असेल तर उत्तम. जड सामान पाठीला लागून मधे, कमरेचा पट्टा हाडावर. बॅटरी डोक्याला लावायची घ्या, शौचालयात दोन्ही हात मोकळे लागतात. अत्तर आणि वासाचं तेल नको. आपल्याकडच्या कड्यांवर आग्यामोहोळ असतं, वास आणि धुराने उठतं.

कातळवाट

सॅकबद्दल सहमत. भीतीचं सांगतो. कड्याच्या टोकावरचं पहिलं पाऊल सगळ्यात अवघड, कारण तिथेच मागे रेलायचं असतं. चांगला प्रशिक्षक आधी दहा-बारा फुटांच्या दगडावर दोनदा उतरवतो, मग मोठ्या कड्यावर. तशी सोय आहे का विचारा. नसेल, थेट शंभर फूट असेल, तर ती पद्धतच चुकीची आहे. आणि मुलीला घरीच सांगून ठेवा की नको वाटलं तर "नको" म्हणायचं. मागून ढकलणं, चिडवणं चालणार नाही, हे आयोजकांनाही तुम्हीच कळवा. बऱ्याच मुली पहिल्या दिवशी नाही म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून रांगेत उभ्या राहतात.

एक राहिलं. मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि आपल्या भागात वीज पडून दरवर्षी माणसं जातात. तंबू एकट्या झाडाखाली किंवा डोंगराच्या धारेवर नकोत, आणि गडगडाट ऐकू आला की दोरीवरून सगळे खाली, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच परत. प्रमुखाच्या मोबाईलवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप असावं. गौताळा अभयारण्याच्या हद्दीत रात्री जाणार असतील तर वनविभागाची परवानगी घेतली आहे का तेही आत्ताच विचारून घ्या.