सैतानाची भीती: तुमच्या घरापर्यंत आलेले अनुभव लिहा

आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनला आलो २०१३ला, त्याच वर्षी इथलं केलर जोडपं तुरुंगातून सुटलं. घरी पाळणाघर चालवायचे, १९९२ मध्ये दोघांना ४८-४८ वर्षांची शिक्षा, का तर पोरांवर लैंगिक अत्याचार करतात, सैतानाचे विधी करतात म्हणे. २१ वर्षं आत काढली आणि ज्या डॉक्टरच्या साक्षीवर भिस्त होती त्यानेच नंतर सांगितलं की अत्याचाराच्या खुणा आहेत हे माझं निदान चुकलं. माझी लेक तेव्हा नुकतीच पाळणाघरात जायला लागलेली, झोपच उडाली. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर मोकळेपणाने लिहा.

*

माझ्या मोठ्या जाऊबाई १९८३ मध्ये लॉस एंजेलिसजवळ राहायच्या. मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण तिथलंच, तिथल्या शिक्षकांवर मुलांच्या लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला, पोलिसांनी २०० एक पालकांना मुलांना विचारा म्हणून पत्रं पाठवली आणि सगळा भाग हादरला. त्यांचा मुलगा दुसऱ्याच बालवाडीत होता तरी त्या रोज संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन विचारायच्या, बाईंनी काही केलं का, नक्की ना, आठव ना राजा. दोन दिवस तो नाही म्हणाला, तिसऱ्या दिवशी हो म्हणाला, कारण आई रडत होती आणि हो म्हटलं की ती थांबेल असं त्याला वाटलं. मॅकमार्टिनच्या मुलांनाही असंच खोदून खोदून विचारलेलं, मग शाळेखाली भुयारं आहेत इथपर्यंत गोष्ट गेली. १९९० मध्ये सगळं संपलं तेव्हा एकालाही शिक्षा नाही.

*

स्कॉटलंडमध्ये सोशल वर्कर आहे. इथल्या ऑर्कनी बेटांची केस आम्हाला शिकवतात, सैतानी विधींत अत्याचार होतात या संशयावरून २७ फेब्रुवारी १९९१च्या पहाटे ९ मुलं घरातून उचलून नेली, ४ एप्रिलला परत आणली. ज्या मुलांवर खरंच अत्याचार होतो त्यांचं नुकसान अशा प्रकरणांनी सगळ्यात जास्त होतं, लोकांचा विश्वासच उडतो.

*

पुणे, ९८-९९. मी मेटल (हेवी रॉक गाणी) ऐकायचो, शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं पोरगं सैतानाच्या नादी लागलंय. आईने कॅसेटची रिळं ओढून काढली, बादलीत घातली, मला अंगारा लावला आणि रात्रभर उशाशी बसून राहिली. नंतर अमेरिकेतल्या वेस्ट मेम्फिसच्या, तीन लहान मुलांच्या खुनात दोषी ठरवलेल्या तीन पोरांबद्दल वाचलं, काळे कपडे आणि मेटल हेही कोर्टात पुराव्यासारखं मांडलेलं, १८ वर्षं तुरुंगात गेली, एकाला तर मृत्युदंडाची शिक्षा सुनावलेली. अंगावर काटा आला.

*

जाऊबाईंचं लिहिणाऱ्या ताई, त्या मुलाला आता ते आठवतं का?

*

आठवतं हो. पंचेचाळिशी उलटली त्याची. काही झालं नव्हतं हे त्याला पक्कं माहितीय, पण तो हो म्हणाल्यावर त्या बाई कामावरून गेल्या, त्यांचं तोंड आठवतं म्हणतो.